दहा मिलिलिटरचं रीडिंग: प्रथम वर्षाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतलं एक प्रकरण

हे प्रकरण मुंबईच्या उपनगरातल्या एका संलग्न महाविद्यालयातलं आहे. महाविद्यालयाचं, शिक्षकांचं आणि विद्यार्थ्यांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. रसायनशास्त्राचा भाग जसा घडला तसाच ठेवला आहे. मी त्याच विभागात शिकवतो. पुढे आलेली जर्नल्स, म्हणजे प्रयोगवह्या, तपासण्याचं काम माझ्याकडे आलं, म्हणून हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या सामान्य रसायनशास्त्राला आठवड्यातून एक प्रॅक्टिकल असतं. एका बॅचमध्ये २० मुलं. सकाळची बॅच विभागातल्या एक मॅडम घेत आणि दुपारची बॅच तासिका तत्त्वावर नेमलेल्या दुसऱ्या मॅडम घेत. दुपारच्या मॅडमना दर तासाचे पैसे मिळतात, त्या आणखी दोन महाविद्यालयांत शिकवतात आणि तास संपला की त्यांना लोकल गाठावी लागते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

मुलं बदलापूर, टिटवाळा, विरार, मानखुर्द अशा ठिकाणांहून येतात. निम्म्याहून अधिक मुलांची दहावी मराठी माध्यमातली. घरात पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच मूल, अशीही बरीच. जर्नल मात्र इंग्रजीत लिहायचं असतं. बहुतेकांनी ब्युरेट (खाली तोटी आणि अंगावर खुणा असलेली काचेची नळी) बारावीत हाताळलेलं असतं, पण चार जणांत एक. एकाने नळी सोडायची, एकाने फ्लास्क हलवायचा, उरलेल्या दोघांनी लिहून घ्यायचं.

सत्राचा पहिला प्रयोग होता सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचं प्रमाणीकरण, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता शोधणं. ऑक्झॅलिक आम्लाचं ०.१ नॉर्मल द्रावण (नॉर्मॅलिटी हे तीव्रतेचं माप) पिपेटने, म्हणजे ठरावीक मापाच्या नळीने, १० मि.लि. घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं. यालाच टायट्रेशन म्हणतात. आधी अंदाजासाठी एक पायलट रीडिंग, मग तीन नेमकी रीडिंग्ज आणि त्यांतून सी.बी.आर., म्हणजे स्थिर ब्युरेट रीडिंग. त्यावरून सोडियम हायड्रॉक्साइडची नॉर्मॅलिटी काढायची.

प्रयोगाला २० गुण होते. त्यांपैकी ८ ‘अचूकते’चे. उत्तर विभागाच्या अपेक्षित उत्तरापासून १ टक्क्याच्या आत असेल तर पूर्ण ८, फरक वाढेल तसे कमी आणि ५ टक्क्यांच्या पुढे शून्य. अपेक्षित उत्तर होतं ०.१ नॉर्मल, म्हणजे १०.० मि.लि.चं रीडिंग.

प्रश्न कसा समोर आला

जुलैच्या मध्यात सकाळच्या बॅचची जर्नल्स तपासताना मॅडमना एका मुलीच्या जर्नलमध्ये १०.९, १०.९, १०.८ अशी रीडिंग्ज दिसली. सी.बी.आर. १०.९ आणि उत्तर ०.०९२ नॉर्मल. गणित बरोबर होतं. गुणांच्या तक्त्यानुसार अचूकतेला शून्य बसत होतं. मॅडमनी लाल शाईने गोल करून ‘रीपीट’ लिहिलं.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी वेळेआधी आली, प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांकडून तेच द्रावण मागून घेतलं आणि पुन्हा टायट्रेशन केलं. मग मॅडमकडे गेली. “मॅडम, मी ब्युरेट दोनदा धुतलं, पिपेट बदललं. तरी १०.९च येतंय. मी काय चुकतेय ते सांगाल का?”

‘माझं बरोबर आहे’ असं तिने म्हटलं नाही. आपलं काहीतरी चुकतंय हे तिने धरूनच ठेवलं होतं आणि ती फक्त कुठे, ते विचारत होती. मॅडमनी तिला बसवून बॅचची उरलेली जर्नल्स पुन्हा काढली. १९ पैकी १७ जर्नल्समध्ये रीडिंग ९.९ ते १०.१ होतं. उरलेल्या दोनांत पेन्सिलने लिहिलेला आकडा खोडून वर १०.१ केलेला होता. खालचा पुसट आकडा उजेडात धरल्यावर वाचता आला. तो १०.८ होता.

इथे मॅडमसमोर सोपा रस्ता होता. एकीचं वेगळं, एकोणीस जणांचं सारखं, तेव्हा चूक एकीची. पहिल्या नजरेला बहुतेक शिक्षक असाच निष्कर्ष काढतील, आणि तसं वाटण्यात गैर काही नाही. मॅडमनी तसं केलं नाही, कारण चुका कशा वागतात हे त्यांना ठाऊक होतं.

आकड्यांची तपासणी

नवखा हात टायट्रेशनमध्ये कुठे चुकतो हे आम्हाला दरवर्षी दिसतं. धुतलेल्या ब्युरेटमध्ये पाणी राहिलं आणि ते सोडियम हायड्रॉक्साइडने विसळून घेतलं नाही, तर द्रावण पातळ होऊन रीडिंग वाढतं. पण ते पहिल्या भरणीत जास्त वाढतं, पुढच्या भरणीत कमी. कॉनिकल फ्लास्क पाण्याऐवजी ऑक्झॅलिक आम्लानेच विसळला तर आम्ल जास्त जाऊन रीडिंग वाढतं, पण दर वेळी वेगवेगळं. एंड पॉइंट, म्हणजे फिकट गुलाबी रंग टिकतो तो क्षण, ओलांडून द्रावण गडद गुलाबी केलं तरी रीडिंग वाढतं, आणि तेही कधी ०.२ ने, कधी ०.६ ने. पिपेटच्या टोकाशी राहणारा शेवटचा थेंब फुंकून पाडला तर फरक दर वेळी साधारण सारखाच पडतो, पण तो अगदी थोडा असतो, ०.९ मि.लि. होत नाही.

ब्युरेटवर ०.१ मि.लि.च्या खुणा असतात आणि एक थेंब साधारण ०.०५ मि.लि.चा. दहा मि.लि.च्या रीडिंगमध्ये एका खुणेची चूक म्हणजे १ टक्का. इथे फरक ९ खुणांचा होता आणि तिन्ही वेळा जवळजवळ तेवढाच. हाताची चूक इतकी एकसारखी येत नाही, तेव्हा दोष द्रावणात असणार.

द्रावणं दोन, म्हणून संशयही दोन. ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकांत आम्लाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू धरलेले असतात आणि त्यांच्यासह त्याचा रेणुभार १२६ होतो. फार कोरड्या हवेत ते पाणी उडून गेलं, तर तेवढ्याच वजनात आम्ल जास्त बसतं आणि रीडिंग वाढतं. पण जुलैत मुंबईत आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या हवेत ऑक्झॅलिक आम्ल कोरडं पडणं कठीण. तरीही मॅडमनी नव्या बाटलीतून ६.३ ग्रॅम तोलून ताजं एक लिटर द्रावण केलं. रीडिंग बदललं नाही.

उरलं सोडियम हायड्रॉक्साइड. त्याची बाटली जूनमध्ये उघडलेली होती. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतली ओल ओढतात. पावसाळ्यात वॉच ग्लासवर ठेवलेल्या गोळ्या तोलून होईपर्यंत चिकट होतात आणि तराजू पाण्याचंही वजन दाखवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्या घेतात आणि थोडं सोडियम कार्बोनेट तयार होतं. मामांनी नोंदवहीत लिहिल्याप्रमाणे १० लिटरला ४० ग्रॅम बरोबर तोललं होतं. त्या ४० ग्रॅममध्ये खरं सोडियम हायड्रॉक्साइड कमी होतं, एवढंच. द्रावणाच्या नमुन्यात बेरियम क्लोराइड टाकल्यावर हलकीच पांढरी गढूळता आली. म्हणजे कार्बोनेट थोडं होतं, मुख्य कारण ओल.

मॅडमनी, मी आणि विभागप्रमुख सरांनी वेगवेगळ्या ब्युरेटवर टायट्रेशन केलं. द्रावण ०.०९२ नॉर्मल होतं. मुलीचं उत्तर बरोबर होतं, विभागाचं अपेक्षित उत्तर चुकीचं होतं.

सोडियम हायड्रॉक्साइड तोलून त्याची नेमकी नॉर्मॅलिटी ठरवता येत नाही, म्हणूनच त्याचं प्रमाणीकरण करतात. याच कारणासाठी हा प्रयोग अभ्यासक्रमात पहिला ठेवलेला आहे. आणि त्याच प्रयोगाचं उत्तर तोललेल्या वजनावरून आधीच ठरवून ठेवलेलं होतं, वर्षानुवर्षं. आधीच्या वर्षांतही पावसाळ्यात हेच होत असणार. कुणाच्या जर्नलमध्ये ते दिसलं नाही, कारण तसं लिहिलं की गुण जात होते.

कोणते पर्याय होते

विभागाच्या बैठकीत चार मतं पुढे आली आणि प्रत्येकामागे काही कारण होतं.

पहिलं मत होतं गाजावाजा न करण्याचं. द्रावण दुरुस्त करायचं, त्या मुलीला गुण द्यायचे आणि पुढे जायचं. अभ्यासक्रम मोठा, सत्र छोटं, आणि पावसात एखादी बॅच हमखास बुडते. हे मत मांडणारे सर आळशी नव्हते, त्यांना सप्टेंबरमधली धावपळ दिसत होती.

दुसऱ्या मताप्रमाणे खोटी रीडिंग्ज लिहिणाऱ्यांचे गुण कापायला हवे होते. खाडाखोड केलेल्या दोघांचे तर नक्कीच. आज शिक्षा केली नाही तर तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हीच मुलं आकडे रचतील, असा युक्तिवाद होता. तो मला अर्धा पटला. पण १० लिहिणाऱ्याला ८ आणि १०.९ लिहिणाऱ्याला शून्य हा तक्ता आम्हीच भिंतीवर लावलेला होता. त्या तक्त्याप्रमाणे वागल्याबद्दल मुलांना शिक्षा करायची म्हणजे शिकवायचं एक आणि विचारायचं दुसरं.

तिसरं मत, हा प्रयोगच रद्द करायचा. मग मुलीने मागून घेऊन केलेलं कामही रद्द झालं असतं.

चौथं मत मॅडमचं. संपूर्ण वर्गाला खरं काय ते सांगायचं, प्रयोग पुन्हा करायचा, अचूकतेचे गुण सगळ्यांचे थांबवायचे आणि प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्यायचं: मला प्रत्यक्षात किती रीडिंग आलं होतं आणि मी जर्नलमध्ये ते का बदललं. ते पान मराठीत लिहिलं तरी चालेल आणि त्यावरून एकही गुण कापला जाणार नाही.

विभागप्रमुख सरांना काळजी होती, ‘विभागाचं उत्तर चुकलं’ हे पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर बोलायचं कसं. चर्चा बरीच लांबली. शेवटी सरच म्हणाले, “आपण सांगितलं नाही तर ती मुलगी सांगेल. आणि तिने सांगायला हवंच.” चौथा पर्याय ठरला.

काय केलं

पुढच्या सोमवारी सकाळच्या बॅचला तेच जुनं द्रावण पुन्हा दिलं. मॅडमनी फळ्यावर नॉर्मॅलिटी लिहिली नाही. सांगितलं एवढंच, की याची नॉर्मॅलिटी किती ते आज तुम्ही मला सांगायचं. प्रत्येकाने स्वतंत्र ब्युरेट घेतलं. रीडिंग आलं की ते थेट पेनने लिहायचं आणि तिथल्या तिथे मॅडमची सही घ्यायची. खोडरबर टेबलावर ठेवायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहायचा.

वीस सी.बी.आर. फळ्यावर मांडले तेव्हा ते १०.६ ते ११.२ मध्ये पसरले होते. निम्म्याहून जास्त १०.८ आणि १०.९ वर. सरासरी १०.८७. ते बघून वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, मला पण मागच्या वेळी १०.९ आलं होतं.” त्याच्यानंतर आणखी हात वर आले.

ती पानं मी सगळी वाचली. आमचा अंदाज होता की मुलांनी प्रयोग नीट न करता शेजारच्याचं किंवा मागच्या वर्षीच्या झेरॉक्समधलं उतरवलं असेल. काहींनी तसं केलंही होतं. पण जास्त मुलांनी टायट्रेशन मन लावून केलं होतं, त्यांना १०.८ किंवा १०.९ आलं होतं आणि त्यांनी ते बदललं होतं, कारण आपलंच चुकलं असेल असं त्यांना वाटलं. एकाने लिहिलं होतं, ‘बाटलीवर ०.१ लिहिलं आहे, ते कॉलेजने लिहिलं आहे, मग माझं कसं बरोबर असेल.’ एकीने लिहिलं, ‘बारावीला सरांनी सांगितलं होतं, रीडिंग इतकंच येतं, नाही आलं तरी इतकंच लिहा, एक्स्टर्नल विचारत नाहीत.’ खाडाखोड केलेल्या दोघांपैकी एकाने तीन ओळीच लिहिल्या होत्या. चौथ्यांदा टायट्रेशन करायला द्रावण मागायची त्याला भीती वाटली होती.

फसवणूक म्हणून आम्ही ज्याची चर्चा करत होतो, ते बऱ्याच मुलांच्या बाबतीत स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नसणं होतं. दोन्हींवर उपाय वेगळे असतात. ही पानं आधी वाचली असती तर बैठकीतली निम्मी चर्चा झालीच नसती.

त्यानंतर गुणांचा तक्ता बदलला. अचूकतेच्या ८ गुणांपैकी ३ रीडिंग्जच्या आपसांतल्या सुसंगतीला, ३ त्या दिवशी सकाळी शिक्षकाने स्वतः काढलेल्या मूल्याच्या जवळ जाण्याला आणि २ गुण ‘माझ्या रीडिंगमध्ये चूक कुठून आली असेल’ या चार ओळींना. एकाआड एका बाकावर वेगळ्या तीव्रतेचं द्रावण ठेवायला सुरुवात केली. मॅडमचा मूळ विचार चार वेगळी द्रावणं ठेवण्याचा होता. मामांनी सरळ सांगितलं, “मॅडम, चार बाटल्या करायला हरकत नाही, पण त्या दिवशी मग दुसऱ्या वर्षाची तयारी कोण करणार?” मामांचं म्हणणं खरं होतं. दोनवर ठरलं.

सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या आता छोट्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत वाटून ठेवतात, म्हणजे प्रत्येक वेळी मोठी बाटली उघडावी लागत नाही. काचेचं बूच त्याला चालत नाही, ते जाम बसतं.

काय झालं

पहिला परिणाम दिसायला वाईट होता. पुढच्या काही प्रयोगांत मुलांचे आकडे आधीपेक्षा जास्त विखुरले. विभागातल्या एकाने विचारलंही, “मुलं बिघडली की काय?” मुलं तीच होती, आता त्यांचं खरं काम कागदावर येत होतं. आणि ते कागदावर आलं म्हणून शिकवता आलं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पोटॅशियम परमँगनेटच्या प्रयोगात मिळालं. गरम, आम्लयुक्त ऑक्झॅलिक आम्लात परमँगनेट सोडायचं असतं, तापमान ६० ते ७० अंश सेल्सिअस. एका मुलाने पहिलं रीडिंग ०.४ असं लिहून सही मागितली. मॅडमनी सही केली आणि विचारलं, काय दिसलं? तो म्हणाला, सात-आठ थेंबांतच गुलाबी झालं, म्हणून थांबलो. सुरुवातीला ही अभिक्रिया मंद असते. तिच्यातून तयार होणारे मँगनीजचे द्विसंयुजी आयनच तिला पुढे वेग देतात, त्यामुळे पहिल्या थेंबांचा रंग रेंगाळतो आणि मग अचानक भराभर जायला लागतो. त्याला थांबून बघायला सांगितलं. रंग गेला. त्याने पुन्हा ब्युरेट सोडलं आणि बाजूच्या दोघी बघायला आल्या. जुन्या पद्धतीत ते ०.४ कधीच जर्नलमध्ये आलं नसतं आणि स्वयंउत्प्रेरण हा शब्द व्हायवापुरता पाठ झाला असता.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट कळली. परमँगनेट गडद असल्यामुळे द्रवाच्या पृष्ठभागाचा खालचा वक्र दिसत नाही, वरच्या कडेचं रीडिंग घ्यायचं असतं. अर्धी मुलं सुरुवातीचं रीडिंग वरून आणि शेवटचं खालून घेत होती. वर्षानुवर्षं कुणीतरी घेतच असणार.

दुपारच्या बॅचमध्ये हा बदल टिकला नाही. तासिका तत्त्वावरच्या मॅडम विभागाच्या बैठकीला नव्हत्या, कारण बैठकीच्या तासाचे पैसे त्यांना मिळत नाहीत. त्यांच्या हातात नवा तक्ता छापून दिला गेला, कारण सांगितलं नाही. प्रत्येक रीडिंगवर सही करायची तर वीस मुलांमागे धावावं लागतं आणि त्यांच्या मदतीला कुणी नव्हतं. सप्टेंबरपर्यंत दुपारच्या जर्नल्समध्ये सगळी रीडिंग्ज पुन्हा एकमेकांना चिकटलेली दिसू लागली. त्यांना दोष देता येणार नाही. ज्यांना बैठकीत घेतलं नाही त्यांच्याकडून बैठकीतला निर्णय राबवून घ्यायचा, ही अपेक्षाच चुकीची होती.

त्या मुलीला पूर्ण गुण मिळाले. पण तिला त्रासही झाला. वर्गात नाव घेतलं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं. काही दिवस तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. आपल्या १०.९ मुळे सगळ्यांना पुन्हा प्रयोग करावा लागला, अशी तिच्याविषयी कुरबुर होती. परमँगनेटच्या प्रयोगापर्यंत ती कुरबुर निवळली.

पुन्हा असा प्रसंग आला तर

सगळ्यात आधी त्या मुलीला विचारायला हवं. वर्गाला सांगण्याचा निर्णय चांगला होता, पण कसं सांगायचं, कधी सांगायचं, तिचा उल्लेख करायचा की नाही, हे तिच्याशी न बोलता ठरलं. ती कदाचित म्हणाली असती की मी स्वतः सांगते. कदाचित म्हणाली असती की माझा विषयच काढू नका. दोन्ही चाललं असतं.

दुसरं, दुपारच्या मॅडमना त्या एका बैठकीचं मानधन द्यायला हवं आणि दोन्ही बॅचला एकाच दिवशी पुन्हा प्रयोग द्यायला हवा. खर्च फारसा नाही.

तिसरी गोष्ट वादाची आहे आणि विभागात अजून तिच्यावर एकमत नाही. शिक्षकाने काढलेल्या मूल्याच्या जवळ जाण्याला ठेवलेले ३ गुणही काढून टाकावेत, असं मॅडमचं मत आहे. मला ते गुण राहावेत असं वाटतं. रसायनशास्त्रात बरोबर उत्तर असतं आणि चांगला हात त्याच्या जवळ पोचतो. मुलांना ते कळायला हवं. अट इतकीच, की ते मूल्य त्याच सकाळी, त्याच बाटलीतून, कुणीतरी प्रत्यक्ष टायट्रेशन करून काढलेलं असावं.

सत्रान्त प्रात्यक्षिक परीक्षेचा प्रश्न मात्र तसाच आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांना अपेक्षित उत्तरांचा कागद आदल्या दिवशी तयार करून दिला जातो, आणि त्यातला आकडा वजनावरून काढलेला असतो. येत्या सत्रापासून परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेआठला दोन शिक्षकांनी द्रावण तपासून तो आकडा भरावा, असा लेखी प्रस्ताव विभागाने प्राचार्यांकडे दिला आहे. साडेआठला येण्यासाठी मामांनी आणि मॅडमनी नावं दिली आहेत. दुपारच्या मॅडमचंही नाव त्यात आहे, आणि या वेळी त्यांच्या त्या तासाचे पैसे प्रस्तावातच लिहिले आहेत.